वहिनीचं नाक आणि चार भोकांची बटणं

धुकं दाटलं की वास वर जात नाहीत, गल्लीतच ठिय्या मारून बसतात. त्या दिवशीही बसले होते. समोरच्या गटाराचा, कोपऱ्यावरच्या बेकरीत करपलेल्या पावाचा, आणि जाता जाता कुणीतरी दुकानाच्या भिंतीवर उरकून गेला होता त्याचा. वहिनीनं रुमाल नाकाला लावला, मनातल्या मनात त्या भिंतीवाल्याच्या सात पिढ्या काढल्या, शटर ढकललं, बॉयलर चालू केला आणि कालची गाठोडी टेबलावर उपडी केली.

सकाळचं पहिलं काम हुंगायचं. कॉलर, काखा, खिसे, मग कडा. घामाचे कपडे एका टोपलीत, तेलातुपाचे दुसऱ्या, आणि ज्यांच्याबद्दल मालकाला तोंडावर विचारायलाच हवं ते तिसऱ्या. ही तिसरी टोपली नेहमी भरलेली. टाय लावून फिरणाऱ्या माणसाच्या कोटाच्या खिशातून चघळलेली सुपारी निघते, आणि वर तो म्हणतो, "नुसतं झटकून इस्त्री मारा." वहिनीनं एक कोट उचलला, काखेपाशी नाक नेलं आणि मान मागे घेतली.

"शी. बोकड बरा."

गल्ली तिला वहिनीच म्हणायची. खरी वहिनी ती एकटीचीच, तिच्या नवऱ्याच्या धाकट्या बहिणीची; पण ही नणंद लहानपणी दिवसभर दुकानात बसून "वहिनी, वहिनी" करायची, ते गल्लीनं उचललं. आता दाढीवाला किल्लीवालाही वहिनी म्हणतो आणि त्याची नातवंडंही.

किळस हा वहिनीचा जन्मजात दागिना. लहानपणी बापाचा रुमाल धुवायला सांगितला की ही चिमट्यानं उचलायची, आई त्याच चिमट्यानं हिला फटका द्यायची. असल्या पोरीला दिलं कुठं, तर ड्रायक्लीनिंगच्या दुकानात, जिथं सगळ्या गावाची घाण गाठोडी बांधून येते. पहिल्या महिन्यात ती जेवणाच्या ताटावरून उठून पळायची. नवऱ्याच्या मात्र लक्षात आलं की हिला जो डाग दिसतही नाही तो हिला वासावरून कळतो. कुठला तेलाचा, कुठला अंड्याचा, कुठल्या रक्तावर आधीच कुणीतरी साबण घासून वाट लावलीय. डाग ओळखला की अर्धं काम झालं. हळूहळू डाग सगळे तिच्याकडे आले. नवरा गेला, तेव्हा दुकानही आलं. काउंटरवर तिनं एकच पाटी लावली: 'डाग कसला ते खरं सांगा.' पाटीखाली उभं राहून लोक खोटं सांगायचे.

"घाणीचं मला काही नाही," ती म्हणायची, "घाण आपली गप असते. हे तोंड वर करून सांगतात ना, चहा सांडला म्हणून, तिथं माझ्या पोटात ढवळतं."

त्या सकाळी मात्र तिच्या डोक्यात दुसरंच होतं. दुपारी तपासनीस येणार होता.

झालं असं होतं की मशीनमध्ये वर्षानुवर्षं वापरायचं ते जुनं द्रावक बंद झालं. ते म्हणे माणसांना बाधतं. नवं आलं ते पेट घेणारं. म्हणून नियम निघाला, की ज्या दुकानात नवं द्रावक, तिथल्या एका माणसानं सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्राथमिक माहितीची तोंडी परीक्षा द्यायची. नापास झालात तर मशीनला सील. मग दुकानात फक्त कपडे गोळा करायचे आणि गावाबाहेरच्या मोठ्या कारखान्याच्या गाडीत भरायचे. टपालपेटी व्हायचं. पेटीला नाक लागत नाही.

वहिनी एकदा नापास झाली होती. हाच तपासनीस होता. त्यानं विचारलं, "अल्कोहोल म्हणजे काय?"

"शाईच्या डागाला लावतात ते."

"बरं, सेंद्रिय आम्ल?"

"गंजाच्या डागाला."

"कीटोन?"

"नेलपॉलिशला."

"बाई, मी पदार्थ विचारतोय. तुम्ही डाग सांगताय."

"मग पदार्थ असतात कशाला?" वहिनी म्हणाली. तपासनिसानं पेनचं टोपण लावलं.

ही दुसरी आणि शेवटची संधी. शिकवायला घरातच माणूस होतं, हेच वहिनीचं दुखणं. ती एकुलती नणंद, जिला ती वन्सं म्हणायची, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. ती मोठी झाल्यापासून दोघींचं जमलं नव्हतं. वन्संना दुकानाचा वास सोसायचा नाही, वहिनीला वन्संचा आवाज. तरी महिनाभर रोज सकाळी वन्सं येत होत्या, इस्त्रीच्या टेबलाशी स्टुलावर बसत होत्या आणि पहिल्यापासून उजळणी घेत होत्या.

फळा नव्हता. मग वन्संनी गळालेल्या बटणांचा डबा ओढला. लोकांच्या कोटांची, शर्टांची तुटकी बटणं त्यात साठलेली, कुणाकुणाच्या पोटाचा तेलकटपणा अजून अंगावर घेऊन. वन्सं ती बोटांच्या टोकांनी उचलायच्या, आणि वहिनीला तेवढंच बरं वाटायचं, की किळस ह्यांनाही येते.

"हे काळं, चार भोकांचं कोटाचं बटण म्हणजे कार्बन. चार भोकं, चार दोरे. पाचवा दोरा कुणी कितीही हातापाया पडला तरी नाही. हे पांढरं, दोन भोकांचं शर्टाचं, ऑक्सिजन. आणि खाली एकच कडी असलेलं मोत्याचं, हायड्रोजन."

"आणि नायट्रोजन?"

"त्याला तीन भोकांचं लागेल. तुझ्या डब्यात नाहीये. तसला कोट कुणी घालत नाही."

वहिनीनं दोरा ओवून बटणाला बटण बांधलं. काळ्याला काळं, त्याला आणखी काळं, उरलेल्या भोकांना मोती. "हा तुमचा कार्बन भलताच मोकळा दिसतो. दिसेल त्याचा हात धरतो."

"म्हणून तर एवढे पदार्थ आहेत. नुसता कार्बन आणि हायड्रोजन असला की तुझं नवं द्रावक. पाण्यात मिसळत नाही, तेलात मिसळतं, पेट घेतं. आता ह्या साखळीला ऑक्सिजन कसा जोडला त्यावर स्वभाव ठरतो. एका दोऱ्यानं जोडून पुढे मोती बांधला की अल्कोहोल. मधल्या काळ्याला दोन दोऱ्यांनी जोडला की कीटोन. ह्या गाठीला म्हणायचं क्रियात्मक गट. साखळी कितीही लांब असू दे, तू गाठ ओळख."

हे वहिनीला पटायचं. खटका उडायचा तो वासावरून. एकदा वन्संनी आम्लाचा गट बांधून दाखवला आणि म्हणाल्या, "चार काळ्यांचं हे आम्ल. खवट लोण्यात असतं. उलटीचा जो वास येतो ना, तोही ह्याचाच."

"झालं. जेवायच्या आधी सांगा असलं."

"पुढं ऐक. ह्याच आम्लाला अल्कोहोल जोडलं, मधून पाणी निघून गेलं, की होतो एस्टर. आणि त्याला वास येतो अननसाचा."

वहिनीनं हातातली सुई खाली ठेवली. "म्हणजे अननसात उलटी असते."

"असं नाही."

"आत्ता तुम्हीच म्हणालात."

"अगं, जोडल्यावर गट बदलला. गट बदलला की तो पदार्थच वेगळा."

"बदलला म्हणे. मूळ कुठं जातं?" वहिनीनं त्या दिवसापासून अननस सोडला, आणि फळवाल्यापुढून जाताना रस्ता बदलू लागली. वन्संनी कपाळाला हात लावला. "कॉलेजात इतकी पोरं शिकवली, पण फळावर सूड उगवणारी तूच."

तर त्या सकाळी, तपासनीस यायच्या दिवशी, तिसऱ्या टोपलीत एक झगा होता. चमकत्या सॅटिनचा, मोतिया रंगाचा, पार्टीत घालायचा. आदल्या संध्याकाळी एक बाई लगबगीनं ठेवून गेली होती. म्हणाली, मुलीचा आहे, चहा सांडलाय, खाली थोडं नेलपॉलिश लागलंय. वहिनीनं झगा उलगडला आणि झटक्यात तोंड फिरवलं.

"चहा म्हणे. अख्खी ओकलीय पोरगी."

वन्संनी स्टूल लांब सरकवलं, पण डोळे चमकले. "कोणतं आम्ल?"

"वन्सं, माझा जीव चाललाय."

"तपासनीस तुझा जीव विचारणार नाहीये. कोणतं आम्ल?"

"ब्युटिरिक. चार काळी." वहिनीनं रुमाल नाकाला घट्ट बांधला. वाळून पापुद्रा धरलेला मळ सुरीच्या बोथट कडेनं खरवडला, कोमट पाण्यानं आणि सौम्य साबणानं ती जागा टिपली. रुमालातूनही वास येत होता. दारूचा, आंबलेल्या दुधाचा, आणि त्यावर कुणीतरी शिंपडलेल्या अत्तराचा. अत्तरानं तर हद्द केली होती. वहिनीला वाटलं, हे एकदाचं टेबलावरून जाऊ दे.

राहिलं नेलपॉलिश. घेराच्या कडेला, लाल, बोटाच्या पेराएवढं.

इथं वहिनीची एक रीत होती, सासऱ्यानं लावून दिलेली. अनोळखी कापडावर काहीही लावायच्या आधी आतल्या शिवणीतून दोरा काढायचा, काडी पेटवून जाळायचा आणि धूर हुंगायचा. केस जळल्याचा वास आला तर रेशीम किंवा लोकर. कागदाचा आला तर सुती. व्हिनेगरचा आला तर ॲसिटेट, म्हणजे बनावट रेशीम, आणि मग हात आवरायचा. ही रीत तिनं आजवर कधी चुकवली नव्हती. पण त्या सकाळी नाकावरचा रुमाल सोडून आणखी काही हुंगायचं म्हणजे ओकारी टेबलावरच यायची, आणि समोर वन्सं बसल्या होत्या टिचकी वाजवत.

"नेलपॉलिश. कशानं जाईल? गट सांग."

"कीटोन."

"सगळ्यात साधा?"

"तीन काळी. ॲसिटोन."

"शाबास," वन्सं म्हणाल्या. महिनाभरातलं हे पहिलंच शाबास. ते कानात असतानाच वहिनीनं बाटलीत कापसाचा बोळा बुडवला आणि डागावर टेकवला.

लाल रंग सुटला. त्याच्यासोबत सॅटिनही सुटलं. कापड आधी ओलं झालं, मग शेंबडासारखं बुळबुळीत, आणि वहिनीनं बोळा उचलला तेव्हा त्याला चिकटून वर आलं. खाली गोल भोक राहिलं, कडेनं चिकट, आणि त्यातून इस्त्रीच्या टेबलाचं मळकट कापड दिसत होतं.

बॉयलर तेवढा फुसफुसत होता.

"काय झालं?" वन्संनी विचारलं.

"कापड खाल्लं."

"असं कसं खाईल?"

वहिनीनं रुमाल खाली ओढला. शिवणीतून दोरा काढला, काडी ओढली. आता काढून उपयोग काय होता. धूर वर आला. व्हिनेगर, अगदी ढळढळीत.

"ॲसिटेट," वन्सं पुटपुटल्या. "म्हणजे हे कापडच ॲसिटोनमध्ये विरघळतं." त्यांचा चेहरा उतरला होता. "मी नेलपॉलिश विचारलं. कापडाचं मला सुचलंच नाही."

"हात माझा होता. तुमचा नव्हता," वहिनी म्हणाली, आणि त्या हाताकडे तिनं अशा नजरेनं पाहिलं की जणू तो दुसऱ्या कुणाचा, घामाच्या टोपलीतला.

वन्संनी झगा गुंडाळला आणि घामाच्या कपड्यांच्या तळाशी कोंबला. "तपासनीस येऊन जाऊ दे. मग बघू."

तपासनीस आला तेव्हा धुकं निवळलं होतं, पण त्याचं नाक चोंदलेलं. दर दोन वाक्यांना शिंकरत होता, आणि शिंकरून झाल्यावर रुमालात डोकावून बघत होता. वहिनीनं नजर छताला लावली. ह्या माणसाच्या हातात आपलं मशीन, हे तिला त्या क्षणी सोसत नव्हतं.

"कार्बनला बंध किती?"

"चार. पाचवा नाही."

"तुमचं नवं द्रावक कोणत्या वर्गातलं?"

"हायड्रोकार्बन. नुसता कार्बन आणि हायड्रोजन. म्हणून पाण्याशी जमत नाही, तेलाशी जमतं, आणि म्हणूनच पेट घेतं. सारखं सारख्यात विरघळतं."

तपासनिसानं मान वर करून पाहिलं. अल्कोहोल झालं, आम्ल झालं, एस्टर झाला. एस्टरला वहिनीनं उदाहरण दिलं अननसाचं, तोंड वाकडं करून. वन्सं मागे स्टुलावर श्वास रोखून बसल्या होत्या.

"कीटोन कशाला वापरता?"

"नेलपॉलिशला," वहिनी म्हणाली.

त्यानं बरोबरची खूण केली. गेल्या खेपेला ह्याच उत्तरावर त्यानं पेन मिटलं होतं. आता प्रश्नच 'कशाला' असा होता म्हणून तेच उत्तर बरोबर.

"छान. शेवटचं. द्रावक वापरताना दुकानात काही अपघात, काही नुकसान? हे नोंदवावं लागतं."

"नाही हो," वन्संच बोलल्या, आणि हसल्या. "वहिनी फार जपून असते."

वहिनीनं वळून पाहिलं. वन्संचा चेहरा तिला ओळखीचा वाटला. काउंटरपलीकडे तो तिनं जन्मभर पाहिला होता. चहाच सांडलाय, वहिनी, चहाच. तोच ओठांचा आकार, तेच घाईचं हसू. आणि आपण तोंड बंद ठेवून उभ्या आहोत म्हणजे आपलाही चेहरा ह्या घटकेला तसाच असणार, हे लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःचीच शिसारी आली. टोपलीच्या तळाशी हात घालून तिनं झगा ओढला आणि तपासनिसापुढे पसरला.

"आज सकाळीच झालंय."

"वहिनी," वन्सं म्हणाल्या.

"तुम्ही गप बसा, वन्सं. पाटी माझी आहे."

तपासनिसानं भोकातून बोट घातलं. "कशानं?"

"ॲसिटोननं. तुम्ही आत्ता खूण केली ना, त्याच उत्तरानं."

"पण ते उत्तर बरोबर आहे."

"डागापुरतं. कापड कुणी विचारलं? दोरा जाळून बघायची माझी रीत आहे, आज घाण वाटली म्हणून मी बघितलं नाही."

तो थोडा वेळ शिंकरला नाही. मग म्हणाला, "कापड का गेलं, ते सांगता येईल?"

वहिनीनं बटणांचा डबा ओढला. तीन काळी घेतली, मधल्याला पांढरं बटण दोन दोऱ्यांनी बांधलं. "हा ॲसिटोन." मग दुसरं बांधायला घेतलं. एका काळ्याला दुसरं काळं, त्या दुसऱ्याला दुहेरी दोऱ्यानं पांढरं, आणि शेजारी एकेरी दोऱ्यानं आणखी एक पांढरं. तिथं ती अडली. "ह्याच्या पुढं काय असतं, वन्सं?"

वन्संचं तोंड फुगलेलं होतं. पण प्रश्न विचारला की गप्प बसणं त्यांना जमायचं नाही. "पुढं कापसाची लांबच लांब साखळी. कापसात मूळचे अल्कोहोलचे गट असतात. त्यांना व्हिनेगरचं आम्ल जोडलं, की एस्टर."

"म्हणजे अननसाचाच भाऊ."

"लांबचा."

"बघा," वहिनी तपासनिसाला म्हणाली. दोन्ही गाठी तिनं शेजारी ठेवल्या. "इथंही काळ्याला दुहेरी दोऱ्यानं पांढरं, तिथंही तेच. सारख्याला सारखं दिसलं, आणि त्यानं ओढून घेतलं. मी नेलपॉलिश काढायला सांगितलं होतं, पण ॲसिटोनला कुठं माहीत कुठं थांबायचं ते."

"साधारण बरोबर," वन्सं म्हणाल्या.

"साधारण का?"

"ध्रुवीयता राहिली."

"ती उद्या घ्या."

तपासनिसानं बराच वेळ लिहिलं. वहिनी मशीनकडे बघत होती. सील म्हणजे लाखेचं असतं की तारेचं, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "परीक्षा पास. मशीन चालू राहील. पण नुकसान झालंय आणि मी ते लिहिलंय, त्यामुळं अट घालावी लागेल. ॲसिटोन कुलपात. किल्ली दुसऱ्या जाणकार माणसाकडे. ते माणूस समोर असल्याशिवाय बाटली उघडायची नाही." त्यानं पेनानं वन्संकडे दाखवलं. "ह्या चालतील. रोज येऊ शकतील ना?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कडू औषधाचा दुसरा चमचाही घ्यायचाय असं कळल्यावर माणूस जसं पाहतं तसं.

"वर्षभर?" वन्संनी विचारलं.

"पुढच्या तपासणीपर्यंत," तो म्हणाला, शिंकरला, रुमालात पाहिलं आणि गेला.

"गप्प बसली असतीस तर मी उद्यापासून सुटले असते," वन्सं म्हणाल्या.

"मीही," वहिनी म्हणाली.

झग्यावाली बाई आली ती दिवे लागायच्या सुमाराला. वहिनीनं भोक वर करून झगा पुढे ठेवला. "हे मी पाडलं. माझी चूक आहे. पलीकडच्या शिंपीणबाईकडून कडेला लेस लावून घेते, दिसणार नाही. नाही पटलं तर दुसरं काय करू ते सांगा."

बाईनं भोक पाहिलं, वहिनीकडे पाहिलं. "पण नुसता चहा होता हो. चहाला एवढं काय करावं लागतं?"

वहिनीनं मोजपट्टी भोकाला लावली. पाटीकडे तिनं पाहिलंही नाही. बाईच उगाच झग्याची बाही नीट करत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "पहिल्यांदाच प्यायली होती. तिच्या बाबांना माहीत नाहीये. इथं येतील ते कधी, तर..."

"मला डाग कळतात. कुणाचे ते कळवत नाही मी," वहिनी म्हणाली. "लेस पांढरी लावू की मोतिया?"

"मोतिया."

बाई गेल्यावर वन्संनी किल्ली पर्समध्ये टाकली, तीही दोन बोटांत धरून. "उद्या ध्रुवीयता. आणि डब्यातली बटणं आधी धुऊन ठेव. हात लावायची किळस येते मला."

"मग घरूनच आणा स्वच्छ. चार भोकांची."

वन्सं नाक मुरडत पायरी उतरल्या. वहिनीनं तिसरी टोपली पुढे ओढली. वरच एका साहेबाचा रेनकोट होता, घडी घातलेला, अगदी सभ्य. तिनं कॉलर पाहिली, काखा पाहिल्या, खिशात हात घातला, आणि हात तसाच ठेवून डोळे मिटले. आत काहीतरी मऊ होतं, आणि ओलं. दुसऱ्या हातानं तिनं चिमटा उचलला.